मिक्सरच्या पोटाखालचं लाल बटण

सकाळचे साडेआठ. आमटीसाठी सुकं खोबरं आणि भाजलेल्या कांद्याचं वाटण अर्धवट झालेलं, आणि मिक्सर एकाएकी गप्प होतो. खटका फिरवून पाहिला, प्लग काढून पुन्हा लावला, भांडं उचलून नीट बसवलं, तरी हूं नाही की चूं नाही. ‘मिक्सर जळला’ असं घरात जाहीर होतं. कुणामुळे जळला याचीही चर्चा लागलीच सुरू होते: भांडं फार भरलं, पाणी घातलंच नाही, एकसारखा चालू ठेवला. संध्याकाळी तो पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो. दुकानदार मिक्सर उलटा करतो, तळाशी असलेलं हरभऱ्याएवढं लाल बटण अंगठ्याने दाबतो आणि मिक्सर पुन्हा गुरगुरू लागतो.

आपल्याकडच्या बहुतेक मिक्सरांना हे बटण असतं. भांड्यात कोरडं, जड वाटण अडकलं की मोटर जास्त वीज ओढते, तापते. ती जळण्याआधी वीज तोडणारी एक सोय आत बसवलेली असते. थोडा वेळ थांबायचं, मोटर गार होऊ द्यायची, बटण दाबायचं, झालं. म्हणजे यंत्र बिघडलेलं नसतंच, उलट त्याने स्वतःला वाचवलेलं असतं. पण हे सांगणारी एक ओळ मिक्सरच्या दर्शनी भागावर बहुधा नसते. ती असते खोक्यातल्या पुस्तिकेत, आणि पुस्तिका असते माळ्यावर. अभियंत्याने मोटरची काळजी घेतली, वाटण करणाऱ्या बाईची घ्यायची राहून गेली.

रोजच्या वापरातल्या वस्तू आणि वाहनं यांची रचना चांगली की वाईट, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. काही चुकलं की माणूस कुणाला दोष देतो ते पाहावं. वाईट रचनेपुढे माणूस स्वतःला दोष देतो. ‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य घरोघरी, बसथांब्यावर, तिकीट यंत्रासमोर सतत ऐकू येतं. बोलणारा शहाणा असतो, चार माणसांचं घर किंवा पन्नास माणसांचं कार्यालय चालवणारा असतो. कमी पडलेलं असतं ते यंत्र.

ही गोष्ट शास्त्राने गांभीर्याने घेतली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही विमानांच्या निमित्ताने. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत, पण त्याच्या हातून चाकं आत ओढली जात. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’ अशी. आल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं, तर चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, आणि दिसायला, हाताला सारखेच. रात्रभर उड्डाण करून दमलेल्या माणसाने न बघता हात टाकला तर त्याला फरक कळणार कसा? चॅपानिसने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटंसं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा चपटा तुकडा. अपघात थांबले. आजही विमानातल्या चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखीच गोल असते.

हाच चॅपानिस पुढे स्वयंपाकघरात शिरला. चार बर्नरची शेगडी घ्या. बर्नर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत, आणि नॉब मात्र पुढे एका सरळ रेषेत. कुठला नॉब कुठल्या बर्नरचा? चॅपानिस आणि लिंडेनबाम यांनी १९५९ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग केले. नॉब आणि बर्नर यांच्या चार वेगवेगळ्या मांडण्या केल्या, प्रत्येक मांडणीच्या बाराशे चाचण्या घेतल्या. बर्नर नेहमीच्या चौकोनात असलेल्या तिन्ही मांडण्यांत चुका झाल्या. एका मांडणीत मात्र मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवलेले होते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे पाहिलं तर बर्नरचा आणि नॉबचा क्रम तोच राहत होता. तिथे बाराशेपैकी एकही चूक झाली नाही. खुणा नाहीत, बाण नाहीत, पुस्तिका नाही. फक्त जागा बदलली.

या प्रयोगाला साठ वर्षं उलटून गेली, तरी दुकानात आज चकचकीत काचेची चार बर्नरची शेगडी पाहावी, तर बर्नर चौकोनात आणि नॉब ओळीत. नॉबशेजारी चार ठिपक्यांची बारीक चित्रं छापलेली असतात. ती वर्षभर घासून घासून पुसली जातात, आणि दूध डाव्या बर्नरवर असताना उजवीकडचा मोठा होतो. आपल्या जुन्या दोन बर्नरच्या शेगडीवर मात्र हा घोळ कधीच नव्हता. डावा नॉब डाव्याचा, उजवा उजव्याचा. काळोखातही हात चुकत नाही.

चांगल्या रचनेचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. कुकर ओट्यावरच आहे. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर नीट पाहावा. त्याचं झाकण लंबगोल असतं, ते तिरकं करून आत सारायचं आणि आतून वर ओढून बसवायचं. आत वाफ कोंडली की ती वाफच झाकणाला कडेवर दाबून धरते. दाब असेपर्यंत कितीही जोर लावा, झाकण उघडत नाही. दाब उतरला की ते आपसूक सैल होतं. ‘वाफ असताना उघडू नका’ ही सूचना पाळायची जबाबदारी माणसावर सोडलेलीच नाही. ती भौतिकशास्त्रावर सोपवली आहे.

आणि कुकरची शिट्टी! ती मुळात वेळ मोजण्यासाठी नाही, जादा वाफ बाहेर सोडण्यासाठी आहे. आच, पाणी, भांड्याचा आकार बदलला की दोन शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं. म्हणून कुकरबरोबरच्या पुस्तिका पूर्ण दाब आल्यानंतरची मिनिटं मोजायला सांगतात. पण घड्याळ कोण बघणार? बाळाला भरवताना, डबे भरताना, दारात आलेल्या माणसाशी बोलताना कान मोकळे असतात. भारतातल्या बायकांनी ओळखलं की हे यंत्र दुसऱ्या खोलीतूनही आपल्याशी बोलतं, आणि ‘भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार’ असं स्वतःचं कोष्टक बसवलं. तेही प्रत्येक घराचं, प्रत्येक कुकरचं वेगळं. वापरणाऱ्यांनी वस्तूची रचना पुरी केली याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

मिक्सरची जन्मकथाही अशीच ओट्यावरची. परदेशी बनावटीचे ब्लेंडर फळांचा रस काढायला, अंडी फेटायला उत्तम. आपली सुकी हळद, मिरची, भिजलेली डाळ त्यांना झेपत नसे. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरी असाच जर्मन मिक्सर जळला, आणि पत्नी माधुरी यांच्या स्वयंपाकाची नड डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी दणकट मोटरीचं यंत्र बनवलं. तेच ‘सुमीत’. पाटा-वरवंट्यावर तासभर वाकून करायचं काम मिनिटांवर आलं ते यंत्र आपल्या वाटणासाठी घडवलं गेलं म्हणून.

कुकरच्या झाकणामागे जो विचार आहे, त्याला जपानी कारखान्यांत एक नाव मिळालं. शिगेओ शिंगो या अभियंत्याने १९६० च्या दशकात यंत्रांना अशा युक्त्या बसवायला सुरुवात केली की कामगाराला चुकीचा भाग लावताच येऊ नये. आधी तो त्याला ‘बाका-योके’ म्हणे, म्हणजे मूर्खांपासून बचाव. एका कारखान्यातल्या बाई ते नाव ऐकून रडू लागल्या, आपण काय मूर्ख आहोत म्हणून. शिंगोने नाव बदलून ‘पोका-योके’ केलं: अनवधानाने होणाऱ्या चुकीपासून बचाव. शब्द एकच बदलला, पण दोषाचं बोट माणसावरून उचललं गेलं.

मायक्रोवेव्हचं दार उघडताच तो बंद पडतो, हे पोका-योके. मेट्रोचे सगळे दरवाजे लागल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी हलतच नाही, हेही तेच. मुंबईत २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल धावली तेव्हा गारव्याची चर्चा जास्त झाली. तिचं खरं मोल आपोआप लागणाऱ्या दारांत आहे. उघड्या दारांच्या लोकलमध्ये ‘दारात लटकू नका’ ही सूचना वर्षानुवर्षं रंगवलेली आहे, आणि गर्दीच्या वेळी लटकणाऱ्याला आत जागाच नसते. सूचना लिहिणं स्वस्त आणि दार बसवणं महाग, म्हणून इतकी वर्षं आपण सूचनेवर भागवलं. दारांबरोबर हवा खेळती ठेवणं आणि गाड्या वाढवणंही आलंच. नुसती दारं लावून गर्दी कोंडणं ही रचना नव्हे.

स्वयंपाकघर आणि आगगाडी यांचं नातं याहून जुनं आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंना जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारवस्तीसाठी स्वयंपाकघर आखायचं होतं. जागा अगदी चिंचोळी, सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्यांनी नमुना घेतला तो रेल्वेच्या भोजनडब्याचा. धावत्या गाडीत दोन हात रुंद जागेत आचारी शेकडो माणसांचं जेवण रांधतो, कारण प्रत्येक गोष्ट हाताच्या टप्प्यात असते. श्युटे-लिहोत्स्की यांनी बायकांची पावलं मोजली, घड्याळ लावून कामं पाहिली. खिडकीशी बसून भाजी चिरायची जागा, देठ-सालं खाली पाडायला तिथेच खाच, भांडी निथळायला फळी, धान्यासाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे डबे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आजच्या ओट्याच्या आणि ट्रॉलीच्या स्वयंपाकघराची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

त्यातही चुका होत्या, आणि त्या शिकवणाऱ्या आहेत. धान्याचे डबे खाली असल्याने लहान मुलांचे हात पोचत. जागा एकाच माणसापुरती आखलेली, त्यामुळे मदतीला दुसरं कुणी आलं की कोंडी होई, आणि बाई घरापासून तुटून एकटी पडे. श्युटे-लिहोत्स्की यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की हे काम करण्यापूर्वी आपण कधी घर चालवलं नव्हतं. मोजमाप उत्तम होतं, पण पावलं मोजून घर पुरतं कळत नाही.

आपल्याकडे चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक उभ्याने ओट्यावर आला, तेव्हा ओट्याची उंची ठरवली कुणी? बहुतेक घरांत गवंड्याने किंवा बिल्डरने. सगळ्यांना एकच माप. पाच फुटांच्या सासूबाई शेगडीवरच्या पातेल्यात वाकून बघू शकत नाहीत, आणि पावणेसहा फुटांच्या मुलाची भांडी घासताना कंबर धरते. उभं राहून कोपर दुमडलं की त्याच्या चार बोटं खाली ओटा असावा, हे साधं माप. घर नव्याने करताना टाइल्सच्या रंगावर आठवडा जातो, या मापावर पाच मिनिटंही जात नाहीत.

उंचीचा हाच हिशेब रस्त्यावर येतो तेव्हा तो एका घरापुरता राहत नाही. घराच्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर असते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या जुन्या धाटणीच्या बसची पहिली पायरी त्याच्या दुपटीहून उंच. गुडघे दुखणाऱ्या आजी थांब्यावर उभ्या आहेत असं समजा. बस थांबते ती कडेपासून हातभर लांब. म्हणजे आधी पदपथावरून रस्त्यावर उतरायचं आणि मग तिथून वर चढायचं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरायचा, साडीचा घोळ सांभाळायचा. दांडा दाराच्या आतल्या बाजूला असेल तर तोही हाताला लागत नाही. मागचे घाई करतात, वाहक घंटी वाजवतो. आजी पुढच्या वेळी रिक्षाच करतात, किंवा बाहेर पडणंच कमी करतात.

केंद्र सरकारने २००८ मध्ये शहरी बसगाड्यांसाठी मानकं ठरवली. त्यात बसच्या तळाची उंची ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर किंवा ९०० मिलिमीटर अशी तीन मापं आहेत. ४०० ची बस म्हणजे खरी लो-फ्लोअर, एका पावलात आत. अशा बसचा फायदा फक्त म्हाताऱ्यांना आणि अपंगांना होतो हा गैरसमज आहे. चाळीस प्रवासी चढायचे असतील आणि प्रत्येकाचे तीन सेकंद वाचत असतील, तर एका फेरीत दोन मिनिटं वाचतात. दिवसाच्या सगळ्या फेऱ्यांचा हिशेब केला तर तीच बस, तोच चालक, पण फेऱ्या जास्त होतात.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने या हिशेबावर अख्खी व्यवस्था उभारली. तिथले तेव्हाचे महापौर जाइमे लेर्नर स्वतः वास्तुरचनाकार. १९७४ पासून तिथे बससाठी राखीव मार्ग आले, आणि १९९१ पासून काचेच्या नळीसारखे थांबे. प्रवासी आधीच पैसे भरून नळीत शिरतो, नळीचा तळ आणि बसचा तळ एकाच पातळीवर, दारं समोरासमोर. बसमध्ये शिरायचं ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं. पुण्यात २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव, मार्ग झाला, अहमदाबादमध्ये २००९ मध्ये ‘जनमार्ग’ ही तशीच बससेवा सुरू झाली. तिथेही खरी कसोटी राखीव मार्गिकेची जेवढी, तेवढीच बसचं दार आणि फलाट यांच्यातल्या वीतभर फटीची. चालकाने बस जरा लांब लावली की सगळी योजना त्या फटीत पडते.

ही फट मुंबईइतकी कुणाला ठाऊक? करोनापूर्वी तिथल्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ लाख लोकांचा प्रवास होत होता. फलाट खाली आणि डबा वर, मधल्या पोकळीत माणसं पडत आली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या पुढे नेण्याचं काम वेगाने हाती घेतलं गेलं. उंची वाढली ती जेमतेम अर्धी वीतही नाही, पण पाय अडकायचा की डब्यात पडायचा हे तेवढ्यावर ठरतं.

उंचीइतकीच अडचण अक्षरांची. मुंबईचा रोजचा प्रवासी फलाटावरच्या इंडिकेटरकडे ओझरतं पाहतो आणि त्याला सगळं समजतं: कुठली गाडी, किती वाजता, धीमी की जलद, बारा डबा की पंधरा. नवख्याला त्यातलं काहीच कळत नाही. मध्य रेल्वेवर कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’. हे आग्नेय (साउथ-ईस्ट) आणि ईशान्य (नॉर्थ-ईस्ट) शाखांचे जुने संकेत. इंग्रजीत धीम्या गाडीसाठीही ‘एस’च. साताऱ्याहून मुलाखतीला आलेल्या मुलाने यातून काय समजायचं? शेजारच्याला विचारणं हाच त्याचा मार्गदर्शक, आणि मुंबईकर सांगतातही. पण माणसांच्या चांगुलपणावर इंडिकेटरची उणीव किती काळ भरून काढायची?

मेक्सिको शहराची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा वाचता न येणारे प्रवासी पुष्कळ होते. लान्स वायमन या रचनाकाराने प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्याची टेकडी, म्हणून त्या स्थानकाची खूण नाकतोडा. आजी नातवाला ‘नाकतोड्यावर उतर’ असं सांगू शकते. चित्रं निरक्षरांसाठी काढली, पण उपयोग पर्यटकांना, मुलांना, चष्मा विसरलेल्यांना, सगळ्यांनाच झाला. पुढे बहुतेक जण वाचायला शिकले, तरी ती चित्रं कुणी काढून टाकली नाहीत.

ज्यांना चित्रंही दिसत नाहीत, त्यांच्यासाठी जपानमधल्या ओकायामा शहरात १८ मार्च १९६७ रोजी अंधशाळेजवळच्या रस्त्यावर उंचवट्यांच्या फरशा बसवल्या गेल्या. सेइइची मियाके यांची ही कल्पना. त्यातून जगभर पसरलेली भाषा दोनच शब्दांची आहे: लांब पट्ट्या म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. आपल्या मेट्रो स्थानकांत या पिवळ्या फरशा नीट लागलेल्या दिसतात. स्थानकाबाहेरच्या पदपथावर मात्र त्याच पट्ट्या कधी विजेच्या खांबाशी, कधी झाडाच्या आळ्याशी, कधी वडापावच्या गाडीखाली जाऊन संपतात. फरशी लावणाऱ्याला ती नक्षी वाटली. जो माणूस काठीच्या टोकाने ती वाचत येतो, त्याला ती खांबावर नेऊन आदळते. ही चूक ज्याने कामाची बिलं मंजूर केली त्याची आहे.

घरातही आता हाताने वाचता येणाऱ्या गोष्टी नाहीशा होत चालल्या आहेत. इंडक्शनची शेगडी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, सगळ्यांवर गुळगुळीत काच आणि स्पर्शाची बटणं. दिसायला देखणी, पुसायला सोपी. पण पिठाचे किंवा ओले हात असले की ती दाद देत नाहीत, आणि दृष्टी नसलेल्या माणसाला तर ती काच म्हणजे कोरी पाटी. जुना फिरता नॉब बोटांना सांगत असे की आच किती आहे. वर्षानुवर्षं स्वतःचा चहा स्वतः करणारी अंध व्यक्ती नव्या शेगडीपुढे अचानक परावलंबी होते. हे नुकसान कुठल्याही देखणेपणाने भरून निघणारं नाही.

पुढच्या वेळी मिक्सर घ्यायला गेलात, तर वॅट आणि भांडी पाहून झाल्यावर तो दुकानातच उलटा करा. लाल बटण कुठे आहे ते पाहा, आणि ते कशासाठी हे लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला तसं सांगा. शेगडी घेताना नॉब आणि बर्नरचा मेळ डोळे मिटून लावून पाहा. बसचा दांडा हाताला लागत नसेल, थांब्यासमोर खड्डा असेल, पिवळी पट्टी खांबाशी जात असेल, तर त्याचा फोटो आणि जागेचा पत्ता पालिकेकडे किंवा परिवहन सेवेकडे लेखी पाठवा. आणि आज घरी गेल्यावर एवढं करा: मिक्सर कसा सुरू करायचा ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेलच, तो बंद पडल्यावर तळाशी काय दाबायचं तेही दाखवून ठेवा.